पूल पडण्याआधीचा खर्च
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"सॉफ्टवेअरवाली आहेस, संगणकावर दोन शब्द बोल," असं आयोजकांनी सांगितलं होतं. मी मात्र रस्त्यांवर आणि पुलांवर बोलणार आहे. आपल्यातले बरेच जण मुंबई-गोवा महामार्गाने हाडं मोजत इथे पोचलेत, तेव्हा विषय परका नाही.

2 ऑगस्ट 2016 ची रात्र कोकणात कुणी विसरलेलं नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्यानंतर नवा पूल अवघ्या 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये खुलाही झाला. म्हणजे पैसा होता, तंत्र होतं, माणसंही होती. हलली ती जीव गेल्यावर.

कोकण रेल्वेचं महामंडळ 1990 मध्ये स्थापन झालं. रोख्यांतून पैसा उभा केला आणि जानेवारी 1998 मध्ये सगळा मार्ग सुरू झाला. महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. पुढचं आपण दर गणपतीत अनुभवतो.

दुरुस्ती पुढे ढकलली की अंदाजपत्रकात बचत दिसते. पण खर्च नाहीसा होत नाही, फक्त वही बदलते. चाळीस प्रवाशांची गाडी दोन तास उशिरा पोचली, तर ऐंशी तास गेले. आठ तासांच्या हिशोबाने एका माणसाचे कामाचे दहा दिवस. तेही एका गाडीच्या एका फेरीत. वर डिझेल, टायर, वाटेत उतरलेला आंबा, वेळेत दवाखाना न गाठलेला पेशंट. हा सगळा खर्च आपल्या घरच्या वहीत पडतो.

माझ्या व्यवसायातही हेच. नवं काही केलं की टाळ्या मिळतात. जुनं नीट चालतं ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही, कारण त्याचं काम चोख झालं तर काहीच घडत नाही.

आज आपण शाळेला संगणक कक्ष देतोय. माझी विनंती एवढीच, की जमलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा देखभालीसाठी बँकेत ठेवूया. त्याच्या व्याजातून छताची गळती, वायरिंग, बिघडलेले संगणक यांचं बघता येईल. या पैशाने कुणाच्या नावाची पाटी लागणार नाही, फोटोही निघणार नाही. माझी वर्गणी त्याच हिश्श्यात धरा.