चालू प्रक्रियेचे मूळ कसे ओळखावे?



जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची आकारणी, शाळेचा पट ही माहिती आता संगणकात साठविली जाते. त्या संगणकावर नेमके काय चालू आहे, हे पाहणे आता केवळ तंत्रज्ञाचे काम राहिलेले नाही.

फाईल डिस्कवर स्वस्थ पडून असते. ती चालविली की तिच्यातील आज्ञा स्मृतीत येतात, कार्यप्रणाली त्या कामाला क्रमांक देते आणि प्रक्रिया सुरू होते. यादीत प्रक्रियेचे नाव दिसते. परंतु नाव हा पुरावा नव्हे. हजेरीपटावर कोणतेही नाव लिहिता येते. खातरजमा करावयाची तर सेवापुस्तकच उघडावे लागते. प्रक्रियेचे सेवापुस्तक म्हणजे तिची मूळ फाईल होय.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडावा, प्रक्रियेवर माउसचे उजवे बटण दाबावे आणि ‘ओपन फाईल लोकेशन’ निवडावे. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालू असणे स्वाभाविक आहे. त्यांची फाईल सामान्यतः सिस्टिम ३२ या फोल्डरात असते. त्याच नावाची फाईल डाउनलोडच्या फोल्डरातून चालू असेल, तर ती संशयास्पद समजावी.

लिनक्समध्ये ‘प्रॉक’ निर्देशिकेत प्रत्येक प्रक्रियेच्या क्रमांकाची उपनिर्देशिका असते. तिच्यातील ‘एक्झी’ हा दुवा मूळ फाईलचा पत्ता सांगतो. इतरांच्या प्रक्रियांसाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. पायथॉनमध्ये लिहिलेला कार्यक्रम असल्यास हा दुवा पायथॉनकडेच बोट दाखवितो. अशा वेळी शेजारची ‘सीएमडीलाइन’ फाईल वाचावी.

काही घातक कार्यक्रम सुरू होताच स्वतःची फाईल पुसून टाकतात. तेव्हा पत्त्यापुढे ‘डिलीटेड’ असा शेरा दिसतो. तथापि प्रक्रिया जिवंत असेपर्यंत फाईलचा मजकूर शिल्लक असतो आणि त्या दुव्यावरून तिची प्रत काढता येते. प्रक्रिया घाईने बंद केल्यास हा पुरावा नाहीसा होतो.

म्हणून संशय येताच प्रथम संगणकाची नेटवर्क जोडणी तोडावी, परंतु वीज बंद करू नये. क्रमांक, पत्ता व वेळ लिहून ठेवावी आणि जाणकारास बोलवावे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार, त्यांत नमूद केलेल्या सायबर घटनांची माहिती शासकीय संस्थांनीही ६ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे.

गावाचे दप्तर ही गावाची ठेव आहे. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे याची जशी चौकशी होते, तशीच दक्षता आता संगणकाबाबतही घेणे अगत्याचे आहे.