थंडीतील मैदान आणि ज्येष्ठ मंडळी
(लासलगाव येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे झालेले भाषण)



निफाड तालुक्याची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि लासलगावची वडीलधारी माणसे घरात अडकून पडतात. कांद्याच्या लिलावात ज्यांनी उमेदीची वर्षे उभ्याने काढली, त्यांनी निवृत्तीनंतरचा हिवाळा कोपऱ्यात बसून घालवावा, हे बरे नव्हे.

मात्र पहाटेचा हट्ट नको. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. उन्हे चढल्यावरच मैदानात यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल व ताकद राखणारे व्यायाम सुचविले आहेत. त्यासाठी लगोरी उत्तम. पळापळ वगळावी, नेम धरणे आणि चकत्या रचणे एवढेच ठेवावे. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी खुर्चीवरून नेम धरावा. चष्मा विसरून आलेला पंच मिळाला, तर वादालाही रंग चढतो!

शेजारच्या येवल्यात संक्रांतीचा पतंगोत्सव भोगी ते कर असा ३ दिवस रंगतो. हलकडी वाजते, दोरा फिरकीऐवजी आसारीवर गुंडाळला जातो. ज्येष्ठांनी मात्र गच्ची टाळून मोकळे मैदान निवडावे. पतंग नातवाकडे, आसारी आजोबांकडे. नायलॉन मांजा नकोच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे.

आणि भगिनी? मुले पुण्या-मुंबईला गेलेल्या घरी एखादी आजी एकटीच असते. दूरध्वनीवर ती ‘नको’च म्हणते. तिला बोलवायला कुणीतरी घरी जावे, आणि परत सोडायलाही.