संयम कुणाच्या वाट्याला?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

सरकारी जमिनीवर हत्यारबंद माणसं ठाण मांडून बसली आणि ‘तुमचा अधिकार आम्ही मानत नाही’ म्हणाली, तर सरकारने काय करावं? गोळ्या घालाव्यात, की वाट पाहावी? श्रोतेहो, हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून मी तुम्हाला थेट अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात नेतो.

तिथे हार्नी काउंटीत मॅल्यूर नावाचं पक्षी अभयारण्य आहे. 1908 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राखीव केलं. 2 जानेवारी 2016 रोजी ॲमन बंडी आणि त्याच्या साथीदारांनी या अभयारण्याचं मुख्यालय ताब्यात घेतलं. निमित्त होतं जवळच्याच एका पशुपालक बाप-लेकांचं. सरकारी कुरणाला आग लावल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. ती त्यांनी भोगली, पण कायद्यातल्या किमान शिक्षेपेक्षा ती कमी होती, म्हणून वरच्या न्यायालयाने ती रद्द केली आणि त्यांना पुन्हा तुरुंगात जावं लागलं. लोकांना हे जाचक वाटलं, आणि मलाही वाटतं. पण त्या बाप-लेकांनी बंदुकवाल्यांची मदत मागितलेली नव्हती. ते ठरल्या दिवशी मुकाट्याने तुरुंगात हजर झाले.

मुळात बंडी मंडळी नेव्हाडातली. ॲमनचे वडील क्लायव्हन बंडी यांनी 1993 पासून सरकारी जमिनीवरची चराई फी भरणं बंद केलं होतं. थकबाकी दहा लाख डॉलरच्या वर गेली. एप्रिल 2014 मध्ये सरकारी माणसं गुरं जप्त करायला गेली, तर समोर शेकडो समर्थक उभे. त्यांतल्या काहींनी महामार्गाच्या पुलावरून रायफली रोखलेल्या. सरकारने गुरं सोडून दिली. रक्तपात टळला, ते योग्यच झालं. चूक झाली ती नंतर. जवळजवळ दोन वर्षं त्या प्रकरणात बंडींपैकी कुणाला अटकच झाली नाही. बंदूक दाखवली की सरकार मागे सरतं, हा धडा त्यांनी तिथे गिरवला आणि ओरेगनला येताना सोबत आणला.

मॅल्यूरला सरकार इतकं सावध का होतं, हे समजायला आणखी थोडं मागे जावं लागेल. 1992 साली आयडाहोत रुबी रिजला एका कुटुंबाला घेरताना एक चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई सरकारी गोळीला बळी पडले. एक मार्शलही गेला. 1993 साली टेक्सासात वेको इथे एका धार्मिक पंथाच्या वसाहतीवरच्या पहिल्याच छाप्यात चार अधिकारी मारले गेले. पुढे 51 दिवस वेढा पडला आणि शेवटच्या दिवशी आगीत मुलाबाळांसह 76 माणसं गेली. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, ओक्लाहोमा सिटीतली सरकारी इमारत उडवण्यात आली. 168 बळी. त्यानंतर 1996 साली मोंटानात ‘फ्रीमेन’ गटाला घातलेला वेढा 81 दिवस चालला आणि एकही गोळी न झाडता संपला. एफबीआयने हा हिशेब नीट लक्षात ठेवला होता.

म्हणून मॅल्यूरचे रस्तेसुद्धा सुरुवातीला बंद केले नाहीत. कब्जा करणारे बर्न्स गावात खरेदीला येत. अभयारण्याचीच गाडी घेऊन एक जण किराणा दुकानाच्या आवारात आला आणि तिथे पकडला गेला. ती पहिली अटक. काउंटीचा शेरीफ डेव्हिड वॉर्ड 7 जानेवारीला स्वतः रस्त्यावर जाऊन ॲमन बंडीला भेटला. तुम्हाला सुखरूप काउंटीबाहेर सोडतो, म्हणाला. हस्तांदोलन झालं, बंडीने नकार दिला.

पण वाट पाहण्याची किंमत कोण मोजत होतं? आठवडाभर शाळा बंद होत्या. अनोळखी हत्यारबंद माणसं गावात फिरत होती. अभयारण्याचे कर्मचारी जिवाच्या भीतीने घरं सोडून गेले. गव्हर्नर केट ब्राउन यांनी या दिरंगाईवर जाहीर नाराजी व्यक्त केली.

26 जानेवारीला म्होरके गावाबाहेरच्या सभेला निघाले असताना त्यांना महामार्गावर अडवलं. त्यांच्यातल्या लव्हॉय फिनिकमने गाडी पळवली, ती बर्फात रुतली. तो उतरला, हात वर केले आणि मग हात जाकिटाकडे गेला. राज्य पोलिसांनी गोळी झाडली. जाकिटात भरलेलं पिस्तूल सापडलं. अभयारण्यात उरलेल्या चौघांशी बोलणी चालूच ठेवली, आणि 11 फेब्रुवारीला, 41 व्या दिवशी, शेवटचा माणूस बाहेर आला.

त्याच वर्षी आपल्याकडे मथुरेत काय घडलं? दोन दिवसांची परवानगी घेऊन मार्च 2014 मध्ये आलेला जमाव जवाहर बागेच्या अडीचशेहून अधिक एकरांवर दोन वर्षं राहिला. उच्च न्यायालयाचा आदेश होता, तरी आत हत्यारं साठत राहिली. 2 जून 2016 रोजी पोलीस अधीक्षक मुकुल द्विवेदी आणि ठाणेदार संतोष यादव मारले गेले; आतली वीसहून अधिक माणसं मेली, कित्येक जळून. हा संयम नव्हता. ही डोळेझाक होती. संयमात रोज बोलणी असतात, पाळत असते, योग्य घडीची तयारी असते.

आता मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट सांगतो. ‘ही जमीन लोकांना परत करा’ अशी बंडींची मागणी होती. पण ती भूमी मुळात पायूट लोकांची. 1872 साली त्यांच्यासाठी तिथे राखीव प्रदेश ठरला. 1878 च्या युद्धानंतर तो मोडला आणि शेकडो पायूटांना भर हिवाळ्यात, बर्फातून, वॉशिंग्टन प्रांतातल्या याकामाला चालवत नेलं. त्यांच्या पूर्वजांच्या हजारो वस्तू या मुख्यालयात जपलेल्या होत्या. कब्जा करणाऱ्यांनी तिथेच सरकारी यंत्राने चर खणले. बर्न्स पायूट जमातीच्या अध्यक्षा शार्लट रॉड्रिक यांनी पहिल्याच आठवड्यात निषेध नोंदवला. त्यांच्या पूर्वजांना 41 दिवस सोडा, हिवाळा सरेपर्यंतही मुदत मिळाली नव्हती.

आणि 27 ऑक्टोबर 2016 हा दिवस पाहा. पोर्टलंडच्या न्यायालयात ज्यूरीने ॲमन बंडी आणि त्याच्या भावाला कटाच्या आरोपातून निर्दोष सोडलं. त्याच दिवशी नॉर्थ डाकोटात, स्टँडिंग रॉकजवळ, तेलवाहिनीला विरोध करणाऱ्या आदिवासींच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या तळावर चिलखती गाड्या घेऊन पोलीस उतरले. मिरचीचा फवारा मारला, शंभराहून अधिक लोकांना पकडलं.

नेव्हाडातल्या 2014 च्या प्रकरणात बंडींवर भरलेला खटला तर निकालापर्यंतही पोचला नाही. सरकारी वकिलांनी बचाव पक्षापासून पुरावे दडवले होते, म्हणून जानेवारी 2018 मध्ये न्यायाधीश ग्लोरिया नवारो यांनी तो फेटाळला, तोही पुन्हा दाखल करता येणार नाही अशा रीतीने. तो दोष त्यांनी स्पष्ट बोलून दाखवला, हे बरं केलं. रायफलींसमोर धीर धरलेल्या सरकारला न्यायालयात मात्र कायदा पाळण्याचा धीर राहिला नाही. चराईची ती थकबाकी त्यानंतरही तशीच राहिली.