गाडी कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, नागपुरात आम्ही सहाजणी मिळून घरं, ऑफिसं, पाण्याच्या टाक्या साफ करायची कामं घेतो. शिडी, बादल्या, मशीन ऑटोत घालून बेसा ते सदर फिरायचं, तर कमाई भाड्यातच जाते. म्हणून जुनी गाडी घ्यायचं ठरलं. कार की व्हॅन?

घरचे पुरुष म्हणाले, कार घ्या, लग्नकार्यालाही होईल. तिथेच मला कळलं, कार घरची होईल, व्हॅन कामाची राहील. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की अ‍ॅसिड-फिनाइलच्या वासात बंद कारमध्ये बसवत नाही. मालवाहू व्हॅनमध्ये सामान मागे वेगळं राहतं. पण बसायला जागा दोघींनाच. मागे सामानासोबत बायका बसवणं धोक्याचं आणि नियमाबाहेरचं. म्हणून चौघी बसने येतात.

'मालगाडीचं लायसन बाईला कोण देणार?' असंही ऐकलं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, साडेसात हजार किलोंच्या आतलं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या साध्या लायसनवर चालवता येतं. विमा मात्र धंद्याच्या वापराचाच घ्या. नाहीतर अपघातानंतर कंपनी हात वर करते.

आम्ही व्हॅन घेतली. हप्ते आम्ही भरतो, म्हणून आरसी बुक कुणाच्या नवऱ्याच्या नावावर नाही, गटातल्या बाईच्या नावावर आहे. सहाजणींचा हिस्सा स्टॅम्पपेपरवर लिहिला आहे. दोघी गाडी शिकल्या.

गाडी बघायला जाण्याआधी तुमच्या बैठकीत एवढं ठरवा : कागद कुणाच्या नावावर, किल्ली कुणाच्या हाती?