शार्लटबाईंची बाजू

सुट्टीत परदेशी गेलेल्या मुलीला तिथं प्रेम सापडतं, ही गोष्ट इंग्रजीत इतक्या वेळा लिहिली गेली आहे की पुस्तकाच्या दुकानात तिचं वेगळं कपाट भरावं. मुखपृष्ठावर निळा समुद्र, पांढऱ्या भिंती, एखादी गवती टोपी. आत नोकरीला कंटाळलेली किंवा नुकतंच मन मोडलेलं असलेली मुलगी. हाताशी दहा-पंधरा दिवसांची रजा, आणि जे काय व्हायचं ते परतीच्या तिकिटाच्या आत व्हायला हवं.

या पुस्तकांना नाकं मुरडायची आपल्याकडे पद्धत आहे. मी मुरडत नाही. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणींनी मिल्स अँड बूनची पुस्तकं भाड्यानं आणून, वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली आहेत. एक पुस्तक पाचजणींत फिरायचं आणि ठरावीक पानांवर आपोआप उघडायचं. ग्रीसमधलं बेट, जहाजांचा मालक, लंडनहून आलेली सेक्रेटरी. आमच्यापैकी बहुतेकींनी तोवर मुंबईपलीकडचं काही पाहिलं नव्हतं.

मिल्स अँड बून ही कंपनी लंडनमध्ये १९०८ साली सुरू झाली. त्याच साली ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ रूम विथ अ व्ह्यू' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. आपण फॉर्स्टरना ओळखतो ते 'अ पॅसेज टू इंडिया'मुळे. पुढं १९२१ साली ते देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचे चिटणीस म्हणूनही राहिले होते. पण सुट्टीतल्या प्रेमाची माझ्या मते सर्वांत चांगली कादंबरी त्यांचीच आहे.

लूसी नावाची तरुण मुलगी फ्लॉरेन्सला येते. सोबत म्हणून घरच्यांनी शार्लट बार्टलेट ही वयानं मोठी, लग्न न झालेली नात्यातली बाई दिलेली असते. दोघींना आर्नो नदी दिसणाऱ्या खोल्या कबूल केलेल्या असतात, मिळतात मात्र मागच्या अंगणाकडच्या. जेवणाच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ, मिस्टर इमर्सन, सरळ म्हणतात की आमच्या खोल्या तुम्ही घ्या. शार्लटबाईंना हा उद्धटपणा वाटतो. शेवटी खोल्या बदलल्या जातात, तेव्हा इमर्सनांच्या मुलाची, जॉर्जची खोली शार्लटबाई स्वतः घेतात. लूसीनं परक्या तरुणाच्या खोलीत झोपणं बरं दिसणार नाही म्हणून. त्या खोलीच्या भिंतीवर त्यांना कागदावर काढलेलं एक भलंमोठं प्रश्नचिन्ह सापडतं. अशा जागा मला फार आवडतात.

मराठीत 'सोबत' हा किती मऊ शब्द आहे, आणि 'पहारा' किती टणक. शार्लटबाईंना सोबत म्हणून पाठवलंय, काम मात्र पहाऱ्याचं. फिएसोलेच्या डोंगरावर व्हायोलेटच्या फुलांत जॉर्ज लूसीचं चुंबन घेतो, तेव्हा वर शार्लटबाई उभ्या असतात. दुसऱ्या दिवशी त्या लूसीला घेऊन रोमला निघतात.

इथं एखादी बेताची कादंबरी विरह, पत्रं आणि स्टेशनवरची भेट एवढ्यावर भागवील. फॉर्स्टर तसं करत नाहीत. अर्ध्याहून जास्त कादंबरी इंग्लंडात, लूसीच्या घरी घडते. सुट्टी संपलेली, सेसिल नावाच्या पुस्तकी माणसाशी साखरपुडा झालेला. आणि मग गंमत होते. फ्लॉरेन्सला भेटलेल्या एका लेखिकेनं त्या प्रवासावर कादंबरी लिहिलेली असते. सेसिल बागेत बसून चेष्टा म्हणून ती मोठ्यानं वाचतो आणि त्यात डोंगरावरचं ते चुंबन जसंच्या तसं असतं! म्हणजे कुणाला सांगू नकोस म्हणून लूसीला बजावणाऱ्या शार्लटबाईंनीच ते त्या लेखिकेच्या कानात सांगितलेलं असतं. जॉर्ज तिथंच असतो. पुढचं तुम्ही वाचा.

आजच्या कादंबरीत शार्लट नाही. एमिली हेन्री या अमेरिकन लेखिकेची 'पीपल वुई मीट ऑन व्हेकेशन' ही कादंबरी २०२१ साली आली आणि खूप वाचली गेली. पॉपी आणि अ‍ॅलेक्स हे दोन मित्र दहा वर्षं दर उन्हाळ्यात एकत्र फिरतात. क्रोएशियात त्यांच्यात जे होतं, त्यानंतर दोन वर्षं अबोला. त्यांच्यावर कुणाचाच पहारा नसतो, तरी त्यांना एकमेकांशी सरळ बोलायला एवढी वर्षं लागतात. पॉपीला जग फिरायचंय कारण ज्या गावात ती वाढली तिथं शाळेत तिची फार टिंगल झाली. तिचा शेवटचा, खरा अवघड प्रवास त्या गावाचा आहे. हे मला पटलं.

आपल्याकडची तशी गोष्ट म्हणजे १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'. सिमरन बापाकडं एक महिना मागून घेते आणि युरोपच्या रेल्वेत तिला राज भेटतो. सोबतीला वडीलधारं कुणी नाही, पण पहारा नायकाच्याच डोक्यात बसवलेला आहे. पळून जायला तोच नकार देतो. बापाचा होकार हवाच. 'क्वीन' चित्रपटातली राणी २०१४ साली एकटीच आपल्या हनिमूनला जाते आणि परत येऊन अंगठी परत करते. मला ती सिमरनपेक्षा जवळची वाटते.

माझ्या माहेरी, कोकणातल्या खाडीकाठच्या गावात, परदेश म्हणजे कुवेत आणि दुबई. तिथं पुरुष जायचे, कामाला. बायकांपर्यंत परदेश पोचायचा तो कॅसेटमधून. नवरा तिकडं टेपरेकॉर्डरपुढं बोलायचा, कुणी गाववाला सुट्टीवर निघाला की त्याच्या हाती कॅसेट द्यायचा. बाई इकडं दार लावून ती ऐकायची. पण घरात सासू असायची, तिलाही ऐकायची असायची. म्हणून अर्ध्या कॅसेटमध्ये सगळ्यांना सलाम आणि म्हशीची चौकशी. त्यातलं आपल्यासाठीचं कुठलं, ते बायका आवाजावरून ओळखायच्या. या प्रेमावर कुणी कादंबरी लिहिली तर मला वाचायची आहे.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी भाची. पुण्यात नोकरी करते. स्वतःच्या पैशानं तिला इटलीला जायचं होतं, एकटीनं. घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. माझी बहीण एकच शब्द बोलत होती, "एकटीच?" भाऊजी बोलतच नव्हते. शेवटी बहिणीनं तोडगा काढला, "खाला जात असेल तर जा." मला कुणी विचारलंही नाही.

मग व्हिसाचे कागद सुरू झाले. बँकेचा हिशेब, नोकरीवरून रजेचं पत्र, परतीचं बुकिंग, तीस हजार युरोचा विमा. तुम्ही परत येणार याची खात्री त्यांना हवी असते. लूसीच्या काळात, पहिल्या महायुद्धाआधीच्या त्या युरोपात, बहुतेक ठिकाणी पासपोर्टही लागत नसे. एक शार्लट सोबत घेतली की झालं.

त्या दिवसांत मी फॉर्स्टर पुन्हा काढून वाचले. विशीत वाचताना माझं लक्ष लूसीवरून हललं नव्हतं आणि शार्लटचा राग राग केला होता. या वेळी तिचं प्रत्येक वाक्य थांबून वाचलं. शेवटच्या प्रकरणात लूसी आणि जॉर्ज लग्न करून फ्लॉरेन्सच्या त्याच खोलीत आलेले असतात. बोलता बोलता जॉर्ज सांगतो की, ज्या दिवशी म्हाताऱ्या इमर्सनांनी लूसीला गाठून तिचं मन वळवलं, त्या दिवशी ते तिथं बसलेत हे शार्लटला माहीत होतं. तिनं त्यांना पाहिलं होतं. लूसीला सहज दुसरीकडं नेता आलं असतं. ती काही न बोलता चर्चमध्ये निघून गेली आणि लूसीला तिथं राहू दिलं. का, ते ती दोघं तर्कानं ताडतात. शार्लटबाई स्वतः एक शब्द बोलत नाहीत.

आमचा व्हिसा आला आहे. कादंबरीत लूसी एका संध्याकाळी एकटीच बाहेर पडते, फोटो विकत घेऊन फ्लॉरेन्सच्या मोठ्या चौकात येते आणि तिथून सगळं सुरू होतं. भाचीला त्या चौकात एकटीनं जायचं असेल, तर मी खोलीवर थांबेन. माझे गुडघे तसेही दुखतातच. बहिणीला तेवढंच सांगेन.