खिडकींतून दिसणारी कीर्ति

मुंबईस पाहुणे आले म्हणजे त्यांना मुंबई दाखवून आणणें हें यजमानाचें एक जुनें कर्तव्य. राणीची बाग, म्हातारीचा बूट, मलबार हिलवरून दिसणारी चौपाटी आणि परततांना भेळ, एवढ्यांत तें पूर्वीं पार पडत असे. अलीकडे ह्या यादींत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे नटनट्यांचीं घरें. 'मुंबई दर्शन' अशी पाटी लावून धांवणाऱ्या खासगी गाड्या वांद्र्याच्या बँडस्टँडवर आल्या कीं वेग कमी करतात. वाटाड्या ध्वनिक्षेपक तोंडाशीं धरतो, 'इकडे पाहा' म्हणतो, आणि गाडींतील सगळ्या माना एकदम वळतात. दृष्टीस काय पडतें? एक उंच भिंत, एक बंद दार, दारावर 'मन्नत' ही पाटी, आणि दाराबाहेर उभीं असलेलीं, आंत पाहूं इच्छिणारीं दुसरीं माणसें. गाडी पुढें जाते. पाहुणे गांवीं परतून सांगतात कीं, शाहरुख खानचें घर पाहिलें.

ह्या प्रकारास हंसणें सोपें आहे. परंतु त्यांत न्याय नाहीं. थोर किंवा लोकप्रिय माणूस जेथें वावरला ती जागा आपल्या डोळ्यांनीं पाहावी, ही इच्छा कांहीं सिनेमानें निर्माण केलेली नाहीं. महाराष्ट्रांत ती फार जुनी आहे. महानुभाव पंथांत 'स्थानपोथी' नांवाचा एक गद्य ग्रंथ आहे. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गांवीं राहिले, ज्या देवळांत त्यांनीं वस्ती केली, ज्या झाडाखालीं ते बसले, त्या स्थानांची दिशा व खुणा सांगून केलेली ती नोंद आहे. पंथीयांनीं त्या स्थानांवर ओटे बांधिले आणि आजतागायत भाविक त्यांना वंदन करण्यासाठीं जातात. स्थलदर्शनाचा मराठींतील इतका जुना आणि इतका काटेकोर ग्रंथ दुसरा दाखवितां येणार नाहीं. पंढरपुरास अथवा त्र्यंबकेश्वरास यजमानाला हिंडवून आणणारा क्षेत्रोपाध्याय हाही एका अर्थीं आजच्या वाटाड्याचा पूर्वजच होय.

मग फरक कोठें पडला? स्थानपोथींत जागेबरोबर तेथें काय झालें हेंही सांगितलेलें असतें. जागा महत्त्वाची ठरते ती तेथें घडलेल्या गोष्टीमुळें. गोष्ट गाळली तर उरेल तो नुसता ओटा. दर्शन-गाडीच्या खिडकींतून जी कीर्ति दिसते, तिच्यांतून नेमकी गोष्टच गळून पडली आहे. बँडस्टँडवरील त्या बंगल्यांत नटानें कोणती भूमिका केली? एकही नाहीं. तो तेथें जेवतो, झोंपतो, मुलाबाळांशीं बोलतो. म्हणजे गाडींतला प्रत्येक उतारू आपापल्या घरीं जें करतो तेंच. २०२५ सालीं त्या बंगल्याच्या दुरुस्तीचें काम निघालें आणि घरचीं माणसें अन्यत्र राहावयास गेलीं. तरीही दारासमोर छायाचित्रें काढून घेणारे येतच राहिले. दर्शन दाराचेंच होतें. आंत कोणी आहे कीं नाहीं ह्यानें त्यांत कांहीं उणें पडलें नाहीं.

जुहूच्या 'जलसा' बंगल्याची गोष्ट थोडी निराळी मानावी लागेल. अमिताभ बच्चन अनेक वर्षें रविवारीं दाराशीं येऊन जमलेल्या लोकांना नमस्कार करीत आले आहेत. तेथें निदान माणूस माणसाला भेटतो. लोकांच्या प्रेमाची पोंच देण्याचा तो एक सभ्य प्रकार आहे. मात्र ज्या गल्ल्यांत अशीं घरें आहेत तेथें शेजारीही राहतात. त्यांचीं मुलें परीक्षांचा अभ्यास करतात, त्यांच्या घरीं आजारी माणसें असतात. त्यांनीं कोणती कीर्ति मिळविलेली नसतां तिचा गोंगाट मात्र त्यांना रोज सोसावा लागतो, हें गाडींत बसलेल्यांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं.

आतां ह्याच मुंबईंतील दुसरी एक जागा पाहावी. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ राज कपूर ह्यांनीं १९४८ सालीं स्थापिला. 'आवारा'सारखे चित्रपट तेथें तयार झाले. नट, गायक, सुतार, रंगारी, दिवे धरणारे, शिंपी अशा शेंकडों माणसांचा घाम त्या जागेंत मुरलेला होता. १९१३ सालीं दादासाहेब फाळके ह्यांनीं जो धंदा ह्या देशांत उभा केला, त्याच्या भर बहराची ती एक साक्ष होती. २०१७ च्या सप्टेंबरांत तेथें मोठी आग लागली आणि २०१९ सालीं ती जमीन इमारती बांधण्यासाठीं विकली गेली. जेथें काम झालें ती वास्तु अशा रीतीनें गेली, आणि जेथें काम होत नाहीं त्या दारांपुढें मात्र गाड्या थांबतात! समाज ज्या वस्तूकडे पाहतो तीच टिकते. हा हिशेब भावनेचा नसून रोकडा आहे.

पुणें ह्या बाबतींत अधिक सुदैवी म्हटलें पाहिजे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरास निघाली आणि १९३३ सालीं पुण्यास आली. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' हे तिचे चित्रपट. कंपनी पुढें बंद पडली. परंतु १९६० सालीं त्याच आवारांत सरकारी चित्रपटशिक्षणसंस्था सुरू झाली. ज्या जागेंत दामले आणि फत्तेलाल ह्यांनीं काम केलें, तेथें आज नवीं मुलें तोच उद्योग शिकतात. नांवाचा एक रस्ताही आहे, परंतु खरें स्मारक तें आवारच होय. लंडन शहरांत थोर पुरुषांच्या घरांवर फलक लावण्याची योजना १८६६ सालीं निघाली आणि पुढील वर्षीं कवि बायरन ह्यांच्या जन्मघरावर पहिला फलक लागला. तें घर पुढें पाडलें गेलें. योजना मात्र टिकली. तेथें आज असा नियम आहे कीं, माणूस जाऊन किमान वीस वर्षें लोटल्यावांचून त्याचा फलक लावावयाचा नाहीं. कीर्तीला मुरूं द्यावें, मग तिच्यापुढें उभें राहावें, हा त्यांतील अर्थ. पुण्यांतही असे निळे फलक कित्येक जुन्या घरांवर दिसतात. सुटीच्या दिवशीं पायीं हिंडणाऱ्या कुटुंबाला ते एक उत्तम पाठ्यपुस्तक आहे.

ह्याच प्रभातनें १९४१ सालीं व्ही. शांताराम ह्यांच्या दिग्दर्शनाखालीं 'शेजारी' हा चित्रपट काढिला. एका गांवांत एक हिंदु आणि एक मुसलमान असे दोन वृद्ध जिवलग शेजारी असतात. गांवाजवळ धरण व्हावयाचें असतें. त्या निमित्तानें दोघांत वितुष्ट पाडलें जातें. शेवटीं धरण फुटतें आणि पाण्याच्या लोंढ्यांत ते दोघे एकत्र मृत्यूस सामोरे जातात. पुण्याच्या प्रेक्षकांनीं तें धरण पडद्यावर फुटतांना पाहिलें आणि डोळे पुसून ते घरीं गेले. त्यानंतर वीसच वर्षांनीं पुण्याच्या वरच्या अंगास असलेलें एक खरें धरण फुटलें. तें पानशेतचें.

पुण्याहून पानशेतचा रस्ता हा सुटीच्या दिवशीं फार गजबजलेला असतो. सिंहगड रस्त्यानें गाडी निघाली कीं प्रथम पु. ल. देशपांडे ह्यांच्या नांवाचें उद्यान लागतें. त्याची रचना जपानांतील ओकायामाच्या एका प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर केलेली आहे. पुढें खडकवासल्याचें जुनें धरण आणि जलाशयाच्या पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. डोणजे फाट्याशीं सिंहगड माथ्यावर येतो. १६७० सालीं तानाजी मालुसरे ह्यांनीं तेथें देह ठेविला; लोकमान्य टिळकांचा बंगलाही त्याच गडावर आहे. येथपर्यंत कोणत्याही वाटाड्याला शब्दांची वाण पडत नाहीं, आणि पडूंही नये. प्रत्येक ठिकाणीं नांव आहे आणि नांवाला जोडलेली करणी आहे.

मग गाडी पानशेतला पोंचते. पुढें अंबी नदीचा विस्तीर्ण जलाशय, तानाजीसागर. शेजारच्या मोसे खोऱ्यांत वरसगांवचें धरण, त्याला बाजी पासलकरांचें नांव. दृश्य रमणीय आहे. कणसें भाजलीं जात असतात, नौकाविहाराची हौस असते. येथें वाटाड्या ध्वनिक्षेपक खालीं ठेवतो, कारण येथें दाखविण्यासारखें कोणाचें घर नाहीं. 'अर्ध्या तासानें गाडी सुटेल' एवढेंच काय तें तो सांगतो.

वास्तविक त्या सबंध रस्त्यावर बोलण्यासारखी जागा जर कोणती असेल तर ती हीच. १९६१ च्या जुलैंत पानशेतचें मातीचें धरण अजून पुरतें बांधून व्हावयाचें होतें, आणि पावसानें जलाशय भरत चालला होता. धरणाचा कांहीं भाग खचूं लागला. लष्कराचे जवान बोलावण्यांत आले. त्यांनीं भर पावसांत, रात्रीच्या काळोखांत, खचणाऱ्या बांधावर वाळूचीं पोतीं रचलीं. धरण वांचलें नाहीं. परंतु तें रात्रीं फुटलें नाहीं. १२ जुलैच्या सकाळीं तें फुटलें आणि पाठोपाठ खडकवासल्याचें धरणही गेलें. नदीकांठचें पुणें पाण्याखालीं गेलें, अनेकांचे प्राण गेले, हजारों कुटुंबें एका दिवसांत बेघर झालीं. 'पूरग्रस्त वसाहत' हा शब्द पुण्यांतील पत्त्यांत अजूनही आढळतो. तेंच पाणी पहांटेपूर्वीं, सारें शहर झोंपेंत असतांना आलें असतें तर काय झालें असतें, ह्याची कल्पना करण्यास फार बुद्धि लागत नाहीं. जवानांनीं जे थोडे तास मिळवून दिले, त्या तासांवर पुण्यांतील कितीतरी घरांचे वंश आज उभे आहेत.

त्या जवानांचीं नांवें दर्शन-गाडींतील कोणास ठाऊक नसतात. ज्यांचीं शेतें जलाशयासाठीं गेलीं त्या मावळांतील शेतकऱ्यांचीं तर त्याहून नाहींत. फुटलेलें धरण पुन्हा बांधण्यांत आलें. आज खडकवासला, पानशेत, वरसगांव आणि टेमघर ह्या चार धरणांचें पाणी पुणेंकर पितात. म्हणजे पुण्यांत सकाळीं तोटी सोडणारीं बहुतेक घरें ह्या खोऱ्याचीं ऋणी आहेत. नटाच्या घरापुढें उभें राहून आनंद होतो तो खराच. परंतु त्यानें कोणाचें देणें फिटत नाहीं. पानशेतच्या बांधापुढें पांच मिनिटें उभें राहिल्यानें निदान देणें आहे एवढें तरी मुलांना कळतें.

कोणी म्हणेल, आठवडाभर राबलेला माणूस रविवारीं गाडींत बसतो तो करमणुकीसाठीं. त्याला पुराच्या गोष्टी कशाला? आक्षेप योग्य आहे, आणि वाटाड्याच्या बाजूनेंही विचार केला पाहिजे. तो पोटासाठीं बोलतो. ज्या वाक्यावर माना वळतात तें वाक्य तो दुसऱ्या दिवशीं पुन्हा म्हणतो, ज्यावर जांभया येतात तें सोडून देतो. परंतु ह्याचाच अर्थ असा कीं, वाटाड्याचें भाषण उतारूच लिहीत असतात. बँडस्टँडवर 'घर कोणाचें?' एवढेंच विचारलें तर तो दार दाखवील. पानशेतला एखाद्या मुलानें 'येथें काय झालें होतें?' असें विचारलें तर त्याला उत्तर शोधावें लागेल, आणि पुढच्या खेपेस तें तो न विचारतां सांगेल. अशी गोष्ट कंटाळवाणी असते हाही एक भ्रमच आहे. काळोख, पाऊस, खचणारा बांध आणि पोतीं वाहणारे जवान, ह्याहून चित्तथरारक कथा कोणत्या चित्रपटांत आहे?

नटांचा द्वेष करण्याचें कारण नाहीं. त्यांनीं लोकांना हंसविलें, रडविलें. त्यांचा मान राखावा. तो राखावयाचा तर त्यांचें काम पाहावें, काम जेथें झालें त्या वास्तु जपाव्यात, आणि त्यांच्या घराच्या दारांना स्वस्थता द्यावी. आणि जेथें नांवावांचून काम झालें आहे, तेथें गाडी थोडा वेळ अधिक थांबवावी. पानशेतला जाणारीं कुटुंबें येत्या पावसाळ्यांतही जातील, कणसें खातील, मुलें पाण्याकडे बोटें दाखवितील. त्या वेळीं घरांतील वडीलधाऱ्या माणसानें वाटाड्याची वाट न पाहतां १२ जुलैची हकीकत आपणच सांगावी. त्यासाठीं तिकीट लागत नाहीं, ध्वनिक्षेपकही लागत नाहीं.