पाणी कुठून शिरतं, ते बायांना विचारा

(महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुराविषयी बोलायला तुम्ही इंजिनिअरला न बोलावता मला बोलावलंत. मी समाजकार्य शिकलेली बाई. पाइप किती इंची हवा, हे मला सांगता येणार नाही. पण मुंबईत मिठी नदीकाठच्या एका वस्तीत दहा पावसाळे काम करताना जे शिकले, ते सांगते.

तिथल्या एक मावशी दरवर्षी दाराच्या चौकटीवर खिळ्याने रेघ ओढतात. पाणी जिथवर चढलं, तिथे रेघ. सर्वांत वरची २६ जुलै २००५ ची. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढं पाणी कुठलंच गटार वाहून नेणार नाही, हे मान्य. पण चौकटीवर गुडघ्याखाली रेघांची दाटी आहे. त्या दरसालच्या पावसाच्या. माझं भांडण त्या रेघांशी आहे.

मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ही क्षमता दुप्पट करा, असं पालिकेला १९९३ च्या अहवालातच सांगितलं होतं. कामाला जोर आला तो २००५ च्या पुरानंतर. पंपही बसले. ते हवेतच, कारण अनेक गटारांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती असली की पाणी समुद्रात जात नाही. पण नुसत्या पंपांनी भागत नाही. पूर्वी पाण्याला थांबायला खाजणं होती, तळी होती, मोकळी माती होती. मिठीकाठच्या खाजणावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. उरल्यासुरल्या मातीवर आपण फरशा बसवतो. मग पाणी मुरत नाही, थांबत नाही. एकदम धावतं आणि सखल घरात शिरतं. सखल घर कुणाचं, ते सांगायला नको.

त्या घरात बाई काय करते? धान्याचे डबे माळ्यावर चढवते, रेशनकार्ड पिशवीत बांधते, सासूला उचलून शेजारी नेते. संडास तुंबलेला, म्हणून दिवसभर घोटभर पाणी पीत नाही. दुसऱ्या दिवशी चिखल उपसते, धुण्याभांड्याचा खाडा होतो, पगार कापला जातो. पंचनाम्यात यातलं काहीच येत नाही.

दोन वर्षांपूर्वी नकाशा घेऊन पाहणी करणारे आले. नाक्यावर पुरुषांशी बोलून निघालेच होते. मावशींनी त्यांना मागच्या गल्लीत नेलं. नकाशात सरळ असलेला नाला तिथे एका नव्या भिंतीपाशी काटकोनात वळवला होता. पाणी तिथूनच उलटायचं. बायांना हे ठाऊक होतं, त्यांना विचारलं कुणी नव्हतं. अर्ज केले, खेटे घातले, तेव्हा भिंतीखाली मोरी काढली गेली. पुढच्या पावसाळ्यात मावशींची रेघ घोट्याशीच थांबली.

पाण्याला जागा देता येते. दादर-परळच्या हिंदमाता भागासाठी पालिकेने २०२१ साली उद्यान-मैदानांखाली साठवण टाक्या बांधायला घेतल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी तिथे थांबवायचं. मग आपल्या वस्तीजवळचं मैदान थोडं सखल का नसावं? त्यावर फरशी न घालता माती का राखू नये? खारफुटी तोडू नका, नाल्याचा गाळ काढून काठावरच ठेवू नका, हेही मागू या.

नाल्यात कचरा आपणही टाकतो, हे लपवायचं नाही. पण घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी रोज आली पाहिजे, हा आपला हक्क आहे. नाला रुंद करायला घरं हलवावीच लागली, तर ती जवळच द्या आणि घराचा कागद बाईच्याही नावावर करा. पूर टळला पण रोजगार गेला, तर तो उपाय टिकायचा नाही. माणसं पुन्हा नाल्याकाठीच येतील.

तर यंदा पावसाआधी प्रत्येक मंडळाने एक वही करायची. पाणी कुठून आलं, किती वाजता, कुठवर चढलं, भरती होती का, ते त्यात लिहायचं. वॉर्ड ऑफिसात जाल तेव्हा रिकाम्या हातांनी जाऊ नका, ती वही घेऊन जा.